मय की माया? दारासुरमच्या दगडांना विचारू

आज कुंभकोणमहून बोलतोय. इथून चारेक किलोमीटरवर दारासुरम आहे. तिथलं ऐरावतेश्वर मंदिर दुसऱ्या राजराज चोळानं बाराव्या शतकात बांधलं. गर्भगृहावरचं शिखर, ज्याला इथे विमान म्हणतात, २४ मीटर उंच. थरावर थर, वर वर निमुळतं होत गेलेलं.

त्याच्यासमोर उभं राहिलं की कुणीतरी मोबाइलवर ग्वाटेमालातल्या तिकालचा फोटो काढतं आणि म्हणतं, "बघा, अगदी सारखं! ते मयासुराचेच वंशज. नावातच माया आहे." हे इतक्यांदा ऐकलंय की आज त्यावरच बोलू.

आधी नाव. मय म्हणजे महाभारतात पांडवांची सभा बांधणारा असुर. त्याच्या नावावर 'मयमत' हा शिल्पग्रंथ आहे, दक्षिणेच्या परंपरेतला. तिकडचं 'माया' हे नाव मात्र युकातानमधल्या मायापान नगराशी जोडलं जातं. शिवाय माया हे एकच राज्य कधी नव्हतं. नगरागणिक वेगळा राजा. आता काळ बघा. तिकालचं ४७ मीटरचं प्रसिद्ध मंदिर आठव्या शतकातलं. दारासुरमचा पाया घातला गेला तेव्हा तिकाल ओस पडून जंगलात गेलं होतं.

मग आकार का जुळतो? घरी एक प्रयोग करा. चार सारखी पुस्तकं एकावर एक टेबलाच्या कडेला ठेवा. सगळ्यात वरचं पुस्तक त्याच्या लांबीच्या निम्मं पुढे सरकवा, त्याखालचं पाव, तिसरं एक षष्ठांश आणि चौथं टेबलाबाहेर एक अष्टमांश. बेरीज एकाहून किंचित जास्त होते. म्हणजे वरचं पुस्तक पूर्णपणे टेबलाबाहेर, तरी पडत नाही! जमलं नाही तर प्रत्येक पुस्तक केसभर मागे घ्या.

दगडाचंही तेच. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढायचा, मागून वजन द्यायचं, दोन बाजू जवळ आल्या की वर एक शिळा. खरी कमान लागत नाही. माया गवंड्यांनी अशीच छतं केली. आपल्या अंबरनाथच्या आणि सिन्नरच्या गोंदेश्वराच्या सभामंडपात मान वर करून बघा, तिथेही हेच दिसेल. यासाठी कुणी कुणाकडून शिकावं लागत नाही. दगड आणि वजन सगळीकडे सारखंच शिकवतात.

फरक बघितले तर आणखी मजा येते. माया कारागिरांकडे लोखंड नव्हतं, ओझं ओढायला बैल नव्हते. चुनखडी दगडाच्याच हत्यारांनी फोडायची, ती भाजून चुना करायचा, आत दगडगोटे भरायचे. इथे कठीण ग्रॅनाइट आणि लोखंडी छिन्नी. आणि मुख्य म्हणजे, तिकालला पायऱ्या बाहेरून थेट माथ्यावर जातात: देवघर वर, लोक खाली चौकात. दारासुरमला देव जमिनीजवळ अंधारात, आपण आत चालत जातो, शिखरावर कुणी चढत नाही. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन इमारती माणसाला उलट दिशांना नेतात.

मग 'वंशज' म्हटल्यानं काय बिघडतं? बिघडतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या लोकांनी हे अवशेष पाहिले, तेव्हा कुणी म्हणालं इजिप्तच्या लोकांनी बांधलं, कुणी म्हणालं फिनिशियनांनी. तिथल्या माणसांना हे जमेल यावर विश्वासच नव्हता. १८४१ मध्ये जॉन लॉइड स्टीफन्स या अमेरिकन प्रवाशानं आपल्या पुस्तकात ठामपणे लिहिलं की हे इथल्याच लोकांचं काम आहे. त्या लोकांचे वारस आजही ग्वाटेमाला-मेक्सिकोत लाखोंनी आहेत, माया भाषा बोलतात.

उद्या कुणी येऊन म्हणालं, दारासुरम ग्रीकांनी बांधलं, तर आपल्याला कसं वाटेल? मग त्यांचं श्रेय आपण मयासुराला का द्यायचं? मी तरी दारासुरमला येणाऱ्यांना एवढंच सांगतो: फोटो शेजारी जरूर ठेवा. साम्य दिसलं की दगडाला दाद द्या. फरक दिसला की माणसाला.