दणकट मशीन, बारीक दोरा

(गेल्या वर्षीच्या उत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी दिलेल्या भाषणाचा मजकूर, थोडी काटछाट करून.)



कार्यवाहांनी मला 'रेल्वेची बदलती इंजिने' असा विषय सुचवला होता. पण १९६४ च्या जानेवारीत लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते राष्ट्रार्पण झालेल्या आपल्या पहिल्या डिझेल इंजिनापासून ते २०२० साली 'डीरेका'चे 'बरेका' होईपर्यंतची कथा इथल्या निम्म्या मंडळींना माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे. म्हणून मी त्यांच्याकडून परवानगी घेऊन विषय बदलला. आज मी चामडे शिवण्याच्या एका मशीनबद्दल बोलणार आहे. हसू नका, इंजिनही त्यात येईलच.

झाले असे, की आपल्या वसाहतीतल्या एका वहिनींनी कर्ज काढून चामडे शिवायचे एक जुने दणकट मशीन घेतले. तबल्याच्या पिशव्यांचे पट्टे, हत्यारांचे कमरपट्टे असली जाड कामे त्या त्यावर करतात. मशीन '४४१' या जातीचे. जुकी कंपनीच्या मूळ नमुन्यावरून आता कितीतरी ठिकाणी तशी मशीने बनतात. खाली लांब गोल दांडा, मोठे शटल, आणि सुई, पाय व दाते तिन्ही मिळून कातडे मागे ओढतात. यंदा त्यांना एक ऑर्डर आली: बकऱ्याच्या पातळ कातड्याची चष्म्याची घरे, आतून कापडी अस्तर. नेहमीच्या दोऱ्याने एक शिवून पाहिले, तर गोणपाट शिवल्यासारखे दिसू लागले. दोरा बारीक घातला तर टाकेच पडेनात. एका मिस्त्रीने सांगितले, शटलचे टोक घासून बारीक करा, नाहीतर हे भंगारात द्या आणि दुसरे घ्या. कर्जाचे हप्ते चालू असलेल्या घरात हे वाक्य कसे लागते, ते आपण समजू शकता. वहिनी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही इंजिने जोडता ना, मग हे एवढेसे बघा."

मी आधी विचारले, की जाड दोरा मुळात चालत का नाही? उत्तर टाक्याच्या गाठीत आहे. आपली कोल्हापुरी चप्पल घ्या. पारंपरिक चपलेत कातड्याचीच वादी हाताने ओवतात, तिथे मशीनच्या दोऱ्याचा प्रश्नच नाही. कानपूरचे खोगीर बनवणारे दोन सुयांनी हाताने शिवतात, एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मशीनचा टाका वेगळा. वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतात आणि ती अडक कातड्याच्या पोटात लपायला हवी. वहिनींच्या मशीनवर होता ३५० टेक्सचा नायलॉन. टेक्स म्हणजे हजार मीटर दोऱ्याचे वजन ग्रॅममध्ये. हा दोरा साधारण ०.६५ मिलिमीटर जाड. दोन दोरे अडकले की १.३ मिलिमीटर झाले. एक-एक मिलिमीटरच्या दोन पदरांत ही गाठ कुठे लपवणार? सहा मिलिमीटरच्या पट्ट्यात ती सुखाने बसते. १३५ टेक्सचा दोरा ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो, त्याची गाठ ०.८ मध्ये मावते.

तेव्हा दोरा बदलायचा, हे ठरले. पण दोऱ्याबरोबर सुई बदलावी लागते, आणि खरी गंमत इथे सुरू होते. सुईवरचा आकडा म्हणजे तिच्या जाडीचे मिलिमीटर गुणिले शंभर. २३० ची सुई २.३ मिलिमीटर, १४० ची १.४. १३५ टेक्सला १४० ची सुई लागते. मशीनच्या जातीची सुईच घ्यायची, या मशीनला '७९४' मालिकेची. लांबी आणि वरचा दांडा तोच राहतो, पातळ होते ते फक्त पाते. म्हणजे सुईचा मध्य जागेवरच राहिला आणि दोन्ही बाजूंनी जाडी कमी झाली. किती? ०.९ चे निम्मे, ०.४५ मिलिमीटर. मिस्त्रीच्या हातून हा हिशेब सुटला होता. शटलचे टोक सुईला जवळजवळ घासून गेले पाहिजे, साधारण एका कागदाच्या अंतराने. सुई बदलताच तिथे चार कागदांची फट तयार झाली. त्यात बारीक दोऱ्याचा फासही लहान पडतो. टोक त्या फासात शिरत नाही, आणि टाका सुटतो. टोक घासले असते तर फट आणखीच वाढली असती!

आपल्या कारखान्यात व्हॉल्व्ह टॅपेटचे अंतर फीलर गेजने बघतात, तसेच आम्ही इथे बघितले. शटल ज्या घरात बसते ते स्क्रू ढिले करून सुईकडे सरकवता येते. किती सरकवायचे, ते चाक हाताने फिरवून, सुई खालच्या टोकाहून वर येऊ लागली की टोक तिच्या खोबणीपाशी, डोळ्याच्या जरा वर, येते का हे बघून ठरवायचे. मोटर चालू करायची नाही. फार जवळ नेले तर सुई टोकावर आपटून मोडते. सुईमागे असणारी रक्षक पट्टीही तपासून घ्यावी, कारण तीही जाड सुईच्या हिशेबानेच बसवलेली असते.

एक गोष्ट मात्र आधी करायची. स्क्रू ढिला करण्यापूर्वी सगळ्या जागांवर रंगाची रेघ मारायची आणि वहीत लिहून ठेवायचे: सुई किती, दोरा किती, स्क्रू किती फेरे. कारण याच मशीनवर उद्या पुन्हा पट्टे शिवायचे आहेत. म्हणूनच मी घासण्याच्या विरुद्ध आहे. सरकवलेले परत येते, घासलेले येत नाही.

दुसरा अडसर सुईखालच्या पट्टीचा. या मशीनमध्ये सुई कातड्याबरोबर मागे सरकते, म्हणून तिथे भोक नसून लांबट खाच असते. जाड सुईसाठी ती खाच रुंद असते आणि पातळ कातडे सुईबरोबर त्यात ढकलले जाते. वर येताना ते सुईला चिकटून उचलले जाते, मग फास पडत नाही, आणि दोष मात्र दोऱ्यावर ढकलला जातो. लांबी कमी करता येत नाही, रुंदी करता येते. अरुंद खाचेची पट्टी स्वतंत्र मिळते. आम्ही ती मिळेपर्यंत कातड्याखाली पातळ कागद घालून शिवले आणि नंतर तो फाडून टाकला. शिंप्यांना ही युक्ती माहीत असेलच.

मग ताणाकडे वळायचे, आणि तेही खालून. बॉबिनच्या घरावरची पातळ स्प्रिंग जाड दोऱ्यासाठी सैल असते. बारीक दोरा तिच्याखालून घसरतो. तिचा स्क्रू थोडाच घट्ट करायचा, चतुर्थांश फेऱ्याहून जास्त एकदम नको. नंतर वरच्या दोन चकत्यांपैकी एकच वापरायची. झटका घेणारी लहान स्प्रिंग जाड दोऱ्याच्या जोराची असते, ती बारीक दोरा तोडते, म्हणून तिचा प्रवास कमी करायचा. गाठ वर दिसली तर वरचा ताण जास्त किंवा खालचा कमी. खाली दोऱ्याचे वेटोळे आले तर वरचा ताण कमी. टाका बघूनच ठरवायचे, स्क्रू बघून नव्हे.

पायाचा दाब हलका करायचा, नाहीतर दातांचे वळ पातळ कातड्यावर राहतात आणि ते जात नाहीत. टाक्याची लांबी ३.५ ते ४ मिलिमीटर ठेवायची. जास्त जवळ टाके घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखी छिद्रांची ओळ बनते आणि कातडे तिथेच फाटते. चामड्याच्या सुईचे टोक कापणारे असते. जिथे नुसते कापड शिवायचे तिथे गोल टोकाची सुई, नाहीतर कापडाचे धागे कापले जातात.

दोरा घेताना दोऱ्याचा पीळही बघा. या मशीनला डावा पीळ लागतो. उजव्या हाताच्या अंगठ्यावर दोरा धरून तर्जनीने वरून स्वतःकडे लोळवा. पीळ घट्ट झाला तर डावा, सुटला तर उजवा. उजव्या पिळाचा दोरा या मशीनच्या रस्त्यात उसवत जातो आणि मग लोक ताणाचे स्क्रू फिरवत बसतात.

एवढे करायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या, त्यातली एक फक्त सुया शोधण्यात गेली. १३५ टेक्सवर टाका सुंदर येऊ लागला. नंतर ९० टेक्स आणि १२५ ची सुई घातली, तीही जमली, पण फट पुन्हा तपासावी लागली आणि वेग बराच कमी ठेवावा लागला. तिथे आम्ही थांबलो. ७० टेक्सचा दोरा घालून पाहावा असे वहिनींच्या मुलाचे म्हणणे होते. मी नको म्हटले. त्याच्या सुईचे पाते १.१ मिलिमीटरचे. फट पुन्हा वाढणार, फास आणखी लहान होणार, आणि एवढ्या वजनदार शटलला तो पकडायला लावणे म्हणजे मालगाडीच्या इंजिनाला लहान मुलांची ट्रॉली ओढायला लावण्यासारखे आहे. ओढेल, पण इंजिन आणि ट्रॉली दोघांचीही किंमत मोजावी लागेल.

ऑर्डर आम्ही विभागली. नुसते कापडी अस्तराचे काम वसाहतीतल्या दुसऱ्या एका घरच्या साध्या शिलाई मशीनवर दिले, त्या बाईंना त्याचे पैसे मिळाले. बाहेरचे बकऱ्याचे कातडे आणि कडांचे टाके या मशीनवर ९० टेक्सने. माल वेळेवर गेला, हप्ताही भरला गेला. मशीन भंगारात गेले नाही. आता वहिनींच्या कपाटात दोन पाने लावलेली आहेत, एक 'पट्टे', एक 'पातळ', प्रत्येकावर सुई, दोरा, स्क्रूचे फेरे लिहिलेले. पानावरून पानावर जायला त्यांना आता पाऊण तास लागतो, आणि त्यात मला बोलवावे लागत नाही.

कोणाला मशीन बघायचे असेल त्यांनी वहिनींना भेटावे. उद्या दुपारी ते सभागृहाच्या ओट्यावर ठेवलेले असेल, सोबत फीलर गेजही. आपले चामडे व दोरा बरोबर आणावा, फुकटचा माल त्या देणार नाहीत, असे त्यांनी मला बजावले आहे.