न्हाणीच्या पाण्यावरचे भेदरे
(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावासाठी बैठक बोलावली आणि हा गडी टोमॅटोवर बोलायला उभा राहिला, म्हणून मागे काही जण हसताहेत. हसू द्या. सकाळपासून क्विंटलचा हिशेब झाला, आता अर्धा तास पावशेराचा करू.

जुलै २०२३ आठवा. टोमॅटो शंभराच्या वर गेला, काही शहरांत दोनशेला टेकला. पाच एकरांचा मालक आठवडी बाजारात शहरातल्या बाबूसारखा "पावशेर दे बाबा" म्हणत उभा होता. शहरातली बोंब सरकारला लगेच ऐकू आली. ऑगस्टमध्ये नेपाळहून टोमॅटो आणायचे ठरले, दिल्लीत स्वस्तात विक्री झाली. सप्टेंबरमध्ये भाव असा पडला की नाशिककडच्या उत्पादकाला क्रेट उचलण्याचीही मजुरी निघेना. उत्पादकाच्या त्या दुखण्यावर पुन्हा बोलू. आजचा विषय खाणारा शेतकरी. आपण कापूस विकतो, ज्वारी खातो आणि भाजी विकत घेतो. हे तिसरे कशासाठी?

एक गोष्ट आधीच कबूल करतो. कोरडवाहू घराच्या परसात जुलै महिन्यात टोमॅटो पिकत नाही. आपला हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. जुलैचे काय करायचे ते शेवटी सांगतो.

मी शेतीची पदवी घेतली ते साल २००२. त्याच साली बीटी कपाशी आली. आमच्या डोक्यात तेव्हा एकच गणित होते, एकरी किती टन. सुट्टीत घरी गेलो तर न्हाणीमागे आईचे भेदरे होते. बोराएवढे, लिंबाएवढे, पाकळ्या पडलेले, पातळ सालीचे, आंबटढाण. उकिरड्यावर आपोआप उगवायचे, आई त्यातली चार रोपे उचलून मोरीच्या पाटाला लावायची. मी म्हणालो, "आई, हे उपटून टाक, मी चांगलं बियाणं आणतो." आणले. संकरित, महागाचे. फळ आले ते पाहून गल्ली जमली. चेंडूसारखे गोल, लालबुंद, दगडासारखे टणक. आईने वरणात टाकले. अर्ध्या तासाने म्हणाली, "बापू, तुझा टोमॅटो अजून पोहतोय."

तो वाण वाईट नव्हता. ट्रकमध्ये चार थर खाली दबून मुंबईला पोहोचावा म्हणून तो तयार केलेला. साल जाड, गर घट्ट, आंबटपणा कमी. आमच्या न्हाणीपासून चुलीपर्यंत वीस पावले. वीस पावलांच्या प्रवासाला जाड साल कशाला हवी, हा प्रश्न मला चार वर्षांच्या शिक्षणात कोणी विचारला नव्हता. पुढच्या वर्षी आईने सवयीने त्याच फळांचे बी धरले आणि लावले. चौदा झाडे, चौदा तऱ्हा. कोणाला फळ मोठे, कोणाला सुपारीएवढे, दोन झाडे नुसतीच माजली. संकरिताच्या पुढच्या पिढीत हे असेच फुटते. आणि जुने भेदरे तोवर उकिरड्यावरूनही गेले होते. ते मी घालवले.

म्हणून परसासाठी वाण निवडताना तीन प्रश्न विचारा. पाणी कुठवर पुरेल? घरात टोमॅटो कशात पडतो? आणि पुढच्या वर्षीचे बी कुठून येणार?

पाण्याचे पहिले. टोमॅटोच्या दोन जाती समजा. एक झुडपी. ती गुडघा-मांडीएवढी वाढते, फळ थोड्या दिवसांत देऊन मोकळी होते. दुसरी उंच जाणारी. तिला आधार द्या, पाणी देत राहा, ती महिनोन्‌महिने फळत राहते. जिथे फेब्रुवारीत हापसा कोरडा पडतो तिथे दुसरीच्या नादी लागू नका. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का मेघाली' हा वाण कोरडवाहूसाठीच काढलेला आहे. त्याच संस्थेचा 'अर्का विकास' पाण्याचा ताण बरा सोसतो आणि फळही मोठे देतो. दिल्लीच्या संस्थेचा 'पुसा रुबी' जुना आहे, लवकर येतो, फळाला जराशा पाकळ्या आणि चव आंबटाकडे. चटणीला, वरणाला उत्तम. राहुरी विद्यापीठाचा 'धनश्री' आपल्या राज्यातलाच. हे सारे सरळ वाण. यांचे बी धरता येते.

मी संकरिताचा वैरी नाही. विहिरीला पाणी आहे, अर्धा एकर बाजारासाठी लावायचा आहे, तर 'अर्का रक्षक'सारखा संकरित वाण घ्या. पर्णगुच्छाचा विषाणू, जिवाणूची मर आणि लवकर येणारा करपा या तिघांना तो तोंड देतो. तिथे दरवर्षी बियाण्याचे पैसे मोजणे परवडते. परसातल्या पंधरा झाडांना ते कशाला?

पंधराच म्हणतो. वेचणी आणि परस एकाच वेळी येतात आणि दोन्ही बाईच्याच अंगावर पडतात. शरद जोशींनी १९९१ साली शेगावला चतुरंग शेती मांडली, तिच्यातले पहिले अंग सीताशेती. ते ऐकून टाळ्या वाजवणाऱ्या पुरुषांनी परसाला पाणी किती घातले, हे मी विचारत नाही. पंधरा झाडे, त्यातली आठ आज, सात तीन आठवड्यांनी. म्हणजे सगळे एकदम पिकून सडत नाही.

आता वेळ. पोळा तोंडावर आहे. पोळ्याला झेंडूचे बी टाका. गणपती उठले की टोमॅटोचे. कोजागरीला दोन्ही रोपे एकदम लावा. तेव्हा झेंडू दीड महिन्याचा होतो, टोमॅटो महिन्याचा, आणि दोघे बरोबर फुलतात. फळ पोखरणारी अळी झेंडूवर अंडी घालायला जाते, टोमॅटोवर कमी. ही अळी तुमच्या ओळखीची आहे. कपाशीवर हिरवी बोंडअळी, हरभऱ्यावर घाटेअळी, इथे फळअळी. बाई एकच, सासरे तीन. बीटीने तिला कपाशीवर आवरले, तुरी-हरभऱ्यावर आणि टोमॅटोवर ती आहेच. सकाळी झेंडूची फुले उलगडून पाहायची, अळी साबणाच्या पाण्यात टाकायची. पंधरा झाडांना एवढे औषध पुरते.

दुसरी पाहुणी पांढरी माशी. कपाशी वाळायला लागली की ती परसात येते आणि बोकड्या घेऊन येते. पाने वळतात, झाड खुजे राहते. त्याला औषध नाही, झाड उपटून टाकायचे. रोप लहान असतानाच ते वाचवायचे. गादीवाफ्यावर जुनी मच्छरदाणी ताणून बांधा आणि कडा मातीत दाबा. कपाशीच्या धुऱ्याला लागून टोमॅटो लावू नका.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. कपाशीचा उरलेला पंप परसात मारू नका. मोनोक्रोटोफॉसला भाजीवर २००५ पासून बंदी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे मेली, ती उघड्या शेतात. इथे तर सकाळी मारलेले संध्याकाळी ताटात येते.

जमीन आपली काळी, पाणी धरणारी. सपाटावर लावले तर परतीच्या पावसात मुळ्या सडतात. वीतभर उंच वरंब्यावर लावा, अडीच फुटांवर ओळ, दोन फुटांवर झाड. लावताना खोड पानांपर्यंत मातीत गाडा, त्या खोडाला मुळ्या फुटतात. ज्वारीची धसकटे, पालापाचोळा बुडाशी अंथरा. आधाराला तुराट्या. फळाचे बूड काळे पडून चामड्यासारखे होते, तेव्हा दुकानदार बाटली देतो. आपल्या बहुतेक काळ्या जमिनीत चुना भरपूर आहे, पाण्याचा ताल चुकला की तो फळापर्यंत पोहोचत नाही. चार दिवस कोरडे आणि पाचव्या दिवशी बादलीभर, असे करू नका. दिवसाआड दोन तांबे, पण नेमाने. न्हाणीचे पाणी चालते, कपड्यांच्या सोड्याचे नको.

बी धरायचे ते पहिल्या भाराचे नको, दुसऱ्या-तिसऱ्या भाराचे, निरोगी झाडावर पूर्ण पिकलेले फळ. गर-बी मडक्यात काढा, पाणी न घालता दोन दिवस आंबू द्या, अधूनमधून ढवळा. बियांवरचा बुळबुळीतपणा सुटतो. मग पाणी ओता. पोकळ बी तरंगते, भरीव तळाशी बसते. सावलीत वाळवा, कोरड्या बाटलीत ठेवा. तीन-चार वर्षे उगवते. टोमॅटोचे फूल बहुतेक आपल्याच परागाने फळते, शेजारच्या वाणाची भीती फारशी नाही. एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बिया. एक फळ म्हणजे एका गल्लीचे बियाणे.

आणि जुलै. जानेवारीत जास्त आले की चकत्या करा, मीठ लावा, पातळ फडक्याखाली कडकडीत वाळवा. वाळलेल्या चकत्या बरणीत पावसाळ्यापर्यंत राहतात. ज्वारीच्या भाकरीबरोबर त्यांची चटणी २०२३ साली आमच्या घरी झाली, बाजारात शंभराचा भाव असताना.

आईचे भेदरे मला नऊ वर्षांनी मावशीच्या गावी सापडले, तिथल्या उकिरड्यावर. मागच्या टेबलावर कागदाच्या पुड्या ठेवल्यात, त्या त्याच्याच. एका पुडीत पंचवीस बिया, एका घराला एक पुडी. ती बाईच्या हातात जाईल, खिशात नाही. पुढल्या पोळ्याच्या बैठकीला एकीच्या दोन आणायच्या. वहीत नाव लिहून घेतोय.