शस्त्रक्रिया झाली, पुढे काय?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मधुमेहामुळे किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक पुरुषांच्या शिश्नाला ताठरता येईनाशी होते. आपल्याकडे हा विषय दवाखान्यातसुद्धा दार लोटून घेतल्यावरच निघतो. इतर उपचार थकले, की शरीरात एक छोटे उपकरण बसवता येते. ते मी बसवून घेतले आहे. शस्त्रक्रियेची माहिती डॉक्टर देतातच. मी आज बोलणार आहे ते उपकरण चालवायला शिकण्याविषयी, कारण हे काम शेवटी ज्याचे त्यालाच करावे लागते.

मी विश्रांतवाडीत राहतो. वय ६१. नोकरी कारखान्याच्या देखभाल विभागात झाली आणि मधुमेह गेली वीस वर्षे सोबतीला आहे. रस्त्याकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोगा’वर हमखास इलाज सांगणाऱ्या जाहिराती आपण सगळेच पाहतो. डॉक्टरांना विचारायची लाज वाटते म्हणूनच माणसे तिकडे वळतात. खरे तर मराठी माणसाला हे प्रश्न विचारायची सोय र. धों. कर्व्यांनी फार पूर्वी करून दिली होती. १९२७ साली सुरू झालेल्या त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ते वाचकांच्या खासगी प्रश्नांना सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. निकाल विरुद्ध गेला, कर्व्यांना दंड झाला, तरी मासिक १९५३ पर्यंत चालूच राहिले. एवढे होऊनही आपण अजून कुजबुजतच बोलतो.

आता मूळ मुद्दा. शिश्नात स्पंजासारख्या दोन लांबट नळ्या असतात. त्यांत रक्त भरून ते आत कोंडले गेले की ताठरता येते. बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली, तर बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात आणि ही यंत्रणा बिघडते. १९९८ साली अमेरिकेत सिल्डेनाफिल या गोळीला मान्यता मिळाली आणि असंख्य लोकांची सोय झाली. पण नसा आणि रक्तवाहिन्या फारच खराब झाल्या असतील, तर गोळीचा उपयोग होत नाही. हृदयविकारासाठी नायट्रेटची औषधे घेणाऱ्यांना ती घेताच येत नाही. मग निर्वात पंप आणि इंजेक्शन हे पर्याय उरतात, आणि त्यांनीही जमले नाही तर शस्त्रक्रिया.

शस्त्रक्रियेत दोन प्रकारची उपकरणे मिळतात. एक वाकवता येणाऱ्या कांड्यांचे. मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी तयार केलेली भारतीय कांडी याच जातीची. ती तुलनेने स्वस्त पडते आणि तिच्यात शिकण्यासारखे फारसे नसते. दुसरे फुगवता येणारे. अमेरिकेत ह्यूस्टनचे डॉ. ब्रँटली स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये त्याची माहिती प्रथम प्रसिद्ध केली. याचे तीन भाग असतात : शिश्नात दोन पोकळ नळ्या, ओटीपोटात सलाइनची एक छोटी पिशवी आणि अंडकोशात द्राक्षाएवढा पंप. पंप दाबला की सलाइन पिशवीतून नळ्यांत जाते, बटण दाबले की परत येते. बॅटरी नाही, वायर नाही. बाहेरून काहीही दिसत नाही.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस सूज आणि दुखणे असते. जड वजन उचलायचे नाही, डॉक्टर सांगेपर्यंत दुचाकी नाही. मला डॉक्टरांनी रोज कोमट पाण्याने अंघोळ करताना पंप हलकेच खाली ओढायला सांगितले होते. तो वर सरकून तिथेच बसला, तर पुढे बोटांना सापडत नाही. हे कधी आणि कसे करायचे, ते मात्र आपापल्या डॉक्टरांकडूनच शिकावे.

साधारण चार ते सहा आठवड्यांनी उपकरण पहिल्यांदा चालवायला शिकवतात. डॉक्टर म्हणाले, “काका, घाई करू नका. आधी नुसता पंप शोधा.” डाव्या हाताने पंप स्थिर धरायचा, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी दाबायचा. दाबून सोडला की तो पुन्हा भरेपर्यंत थांबायचे. भराभर दाबले तर पुढे काहीच जात नाही. पहिले दोन-तीन दाब कठीण लागतात, मग हात बसतो.

फुगवण्यापेक्षा सैल करणे अवघड. पंपाच्या वरच्या बाजूला लहानसे बटण असते. ते चाचपून काही सेकंद दाबून धरायचे आणि दुसऱ्या हाताने शिश्न हलकेच दाबत सलाइन मागे सारायचे. मधुमेहाने माझ्या बोटांची टोके बधिर झालेली आहेत. आयुष्यभर व्हॉल्व्ह उघडले-बंद केले, पण ते डोळ्यांना दिसत होते. हे सगळे कातडीखालून, अंदाजाने. मला नीट जमायला तीन आठवडे लागले. ज्यांची बोटे बधिर आहेत किंवा संधिवाताने आखडली आहेत, त्यांनी शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांकडचा नमुना मागून त्यावर हात चालवून पाहावा. हात साथ देत नसेल तर कांडीचा पर्याय बरा.

पुढे रोजचा सराव आला. मला दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटे फुगवून ठेवून पूर्ण सैल करायला सांगितले होते. उपकरणाभोवती शरीर स्वतःचे एक पातळ आवरण तयार करते. सरावाने ते आवरण आखडत नाही, नळ्यांना आणि पिशवीला पुरेशी जागा राहते. ऐकायला सोपे आहे. पण मुलगा, सून, नातू आणि एकच न्हाणीघर अशा घरात सकाळी पंधरा मिनिटे दार बंद ठेवणे म्हणजे काय, ते तुम्ही जाणताच. शेवटी पहाटे पाचची वेळ ठरवली.

शिकताना डॉक्टरांनी माझ्या पत्नीलाही बोलावले होते. ती आधी तयार नव्हती. “या वयात लोक काय म्हणतील?” हा तिचा पहिला प्रश्न. तरी ती आली, पंप कसा चालतो ते तिने समजून घेतले. परतताना रिक्षात मला म्हणाली, “अहो, चार वर्षं तुम्ही टीव्ही बंद झाल्याशिवाय खोलीत येत नव्हता. मला त्याचं वाईट वाटायचं. बाकीचं बघू सावकाश.” हे मला कोणत्याही माहितीपत्रकात वाचायला मिळाले नव्हते. जोडीदाराचे मत शस्त्रक्रियेच्या आधी विचारावे, आणि तिची इच्छा नसेल तर तिचाही मान ठेवावा.

अपेक्षा वास्तवातल्या असाव्यात. या उपकरणाने इच्छा वाढत नाही. स्पर्शाची जाणीव सहसा पूर्वीसारखीच राहते. लांबी पूर्वीपेक्षा थोडी कमी वाटू शकते. शस्त्रक्रियेनंतर उपकरण काढून टाकले तरी नैसर्गिक ताठरता परत मिळेल असे धरून चालू नये. खर्च काही लाखांत जातो. विमा कंपनी देणार की नाही, ते आधी लेखी विचारून घ्यावे. उपकरण बहुधा दहा वर्षे किंवा अधिक चालते, पण कधी बिघडले तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. सर्वांत मोठी भीती जंतुसंसर्गाची. म्हणून साखर आधी आटोक्यात आणावी, आणि नंतर लाली, ताप, पू किंवा वाढते दुखणे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पुढे कधी लघवीची नळी घालायची वेळ आली, तर उपकरण असल्याचे आधी सांगावे. घरात एका माणसाला तरी हे ठाऊक असावे.

प्रत्येकाने शस्त्रक्रिया करून घ्यावी, असे मी म्हणत नाही. पुष्कळांचे काम गोळीने भागते. काही जोडपी याशिवायही समाधानात राहतात. पण मधुमेहाच्या तपासणीला जाल तेव्हा साखरेचा आकडा विचारता, डोळे दाखवता, पाय दाखवता, तसा हाही प्रश्न विचारा. डॉक्टरांना त्यात नवल वाटणार नाही.