वटवाघळांची हाक कानावर

माणसाच्या कानाची धाव फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत. बहुतेक कीटकभक्षी वटवाघळं त्याहून वरच्या पट्टीत ओरडत अंधारात भक्ष्य शोधतात. १९३८ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज पिअर्स यांच्या यंत्रासमोर वटवाघळं आणली आणि खोलीतला तो कल्लोळ प्रथमच ऐकू आला!

यामागची हेटरोडाइन ही युक्ती रेडिओतलीच. वटवाघळाचा आवाज ४५ किलोहर्ट्झचा असला, तर सर्किट स्वतःचा ४३ किलोहर्ट्झचा संकेत त्यात मिसळतं. दोन्हींतला २ किलोहर्ट्झचा फरक स्पीकरमधून उमटतो.

अशा यंत्रांनी युरोपातलं एक कोडंही सोडवलं. एकच समजल्या जाणाऱ्या पिपिस्ट्रेल वटवाघळांपैकी काही ४५, तर काही ५५ किलोहर्ट्झच्या आसपास ओरडत होती. पुढे जनुकीय तपासणीनेही त्या दोन वेगळ्या जाती ठरल्या.