गट, सेमी, फायनल

प्रवराकाठच्या कोल्हारला, भगवतीदेवीच्या यात्रेच्या गावाला, बैलगाडा शर्यतीचं वेड मी काय समजावणार? आज बोलायचंय ते फक्त फायनलबद्दल.

आपल्या पुणे-नगरच्या घाटात गाडा एकटा पळतो आणि नंबर सेकंदावर लागतो. सातारा-सांगलीकडे छकड्या शेजारी-शेजारी सुटतात. गटात पहिली आलेली जोडी सेमीला, सेमी मारली तर फायनलला. सकाळी सगळ्यांना धूळ चारलेली जोडी संध्याकाळी एकदा चाकोरी सोडून बाहेर गेली की खेळ खलास.

अमेरिकेतल्या नॅस्कार मोटार शर्यतीत 2014 ते 2025 असंच चालायचं. मोसमाच्या अखेरीस 16 ड्रायव्हर निवडायचे, तीन टप्प्यांत चार-चार गाळायचे, उरलेल्या चौघांत शेवटच्या शर्यतीत जो पुढे तो वर्षाचा विजेता. 2025 ला फिनिक्सच्या ट्रॅकवर डेनी हॅमलिन 208 फेऱ्या आघाडीवर होता. अगदी शेवटी दुसऱ्याच एका गाडीचा टायर गेला, पिवळा झेंडा पडला. हॅमलिननं चारही टायर बदलले, काइल लार्सननं दोनच. आणि दिवसभरात एकही फेरी आघाडीवर नसलेला लार्सन विजेता ठरला! मला हा न्याय पटत नाही. पण डोळे तिथून हलत नाहीत, हेही खरं.

गाडीचे टायर बदलता येतात, बैलाचे पाय दिवसभर तेच. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली ती बैलांच्या हालांमुळेच. डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या अटी मात्र मैदानावर फार कुणी मोठ्यानं वाचत नाही. धाव 1000 मीटरच्या आत, काठी-चाबूक नाही, मध्ये विश्रांती, आणि एका बैलाला दिवसात तीनपेक्षा जास्त धावा नाहीत.

आता बोटं मोजा. गट, सेमी, फायनल. तीन झाल्या. म्हणजे फायनलला दोन जोड्या बरोबर आल्या आणि पब्लिकनं ‘पुन्हा सोडा’ म्हणून कितीही गलका केला, तरी चौथी धाव नियमात बसत नाही. तेव्हा यात्रा कमिट्यांना एवढंच सांगणं आहे: बरोबरी झाली तर बक्षीस निम्मं-निम्मं वाटा, बैल पुन्हा जुंपू नका.