जोंगाच्या गावातून स्पोर्ट्‌स कारविषयी



मी जबलपूरहून बोलतोय आणि विषय आहे स्पोर्ट्‌स कार. पुण्या-मुंबईच्या मंडळींना हे जरा गमतीचं वाटेल. आमच्याकडे पोर्शची शोरूम नाही, फेरारी दिसली तर ती मोबाइलच्या वॉलपेपरवर. पण गाड्यांच्या बाबतीत हे गाव नवखं नाही. तोफगाड्या बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे आणि १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. फौजेचे शक्तिमान ट्रक इथले. आणि जोंगा तर इतकी इथली, की तिच्या नावातलं पहिलं अक्षरच जबलपूरचं आहे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांची आद्याक्षरं जोडून ‘जोंगा’ झालं. मूळ गाडी निसानची पेट्रोल, म्हणजे ‘गस्त’ या अर्थाची ‘पेट्रोल’, इंधनाशी त्या नावाचा संबंध नाही. धोनीने २०१९ मध्ये एक जोंगा घेतली, तेव्हा देशभरच्या पोरांना ती कळली. आम्ही तिला लष्करी लिलावातून बाहेर पडून ठेकेदारांच्या दारात उभी राहिलेली पाहत आलोय.

जोंगा स्पोर्ट्‌स कार नाही, हे मला माहीत आहे. सुमारे चार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, खाली पाटे, ज्यांना इथे कमानी म्हणतात, आणि लिटरला पाच किलोमीटर मिळाले तर मालक पेढे वाटतो. तरी माझं मत असं, की गाडी चालवणं म्हणजे काय हे शिकायला तिच्यासारखी मास्तरीण नाही. पॉवर स्टीअरिंग नसल्याने वळणावर दंड भरून येतात. ब्रेक आधीपासून दाबायला लागतो. ती तुम्हाला प्रत्येक गोष्ट अगोदर सांगते: आवाज करून, हादरून, वास सोडून. वेगवान गाडीतही मी हेच शोधतो.

म्हणून माझं पहिलं मत. स्पोर्ट्‌स कार हॉर्सपॉवरने ठरत नाही, वजनाने ठरते. जपानच्या माझदाने १९८९ मध्ये एमएक्स-५ नावाची छोटी, दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी आणली. वजन एक टनाच्या आसपास, ताकद एकशेपंधरा-वीस हॉर्सपॉवर. आजच्या एखाद्या मोठ्या एसयूव्हीत याहून जास्त ताकद असते. पण हलकी असल्यामुळे ती चाळीसच्या वेगातही वळणावर मजा देते. आपल्याकडेही तसा प्रयत्न झाला होता. गोव्यात सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाच्या शेवटी ‘स्टॉर्म’ काढली: फायबरची बॉडी, दोन सीटा, रेनॉचं बाराशे सीसीच्या आतलं इंजिन, ताकद साठ हॉर्सपॉवर. लोक हसले. साठ हॉर्सपॉवरची कसली स्पोर्ट्‌स कार! मला त्या गाडीबद्दल आजही आदर आहे. पुढे दिलीप छाब्रियांची अवंती आली, अडीचशे हॉर्सपॉवरची, दिसायला भारदस्त. ती दिसण्यासाठी होती आणि स्टॉर्म चालवण्यासाठी, असं माझं मत. ते तुम्हाला पटायलाच हवं असं नाही.

आता मालकीचं बोलू. सचिनची फेरारी आठवते ना? २००२ मध्ये त्याने ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून शूमाकरच्या हस्ते त्याला ३६० मॉडेना मिळाली. तिच्यावरची आयात ड्युटी निघाली सुमारे १ कोटी १३ लाख. ती माफ करण्यावरून गदारोळ झाला, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि शेवटी ड्युटी गाडी देणाऱ्या फियाटने भरली. बक्षीस गाडीचं होतं आणि चर्चा ड्युटीची झाली. परदेशात तयार होऊन येणाऱ्या महागड्या गाडीवर आजही तिच्या किमतीहून जास्त ड्युटी पडते. म्हणजे तुम्ही दोन गाड्यांचे पैसे देता आणि एक घरी नेता.

आणि घरी नेणार कशी? शाळेसमोरच्या किंवा गल्लीतल्या ब्रेकरसाठी इंडियन रोड्‌स काँग्रेसचं प्रमाण ठरलेलं आहे: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, गोलाकार. स्पोर्ट्‌स कारचं पोट जमिनीपासून बारा-तेरा सेंटिमीटरवर असतं. प्रमाणाप्रमाणे ब्रेकर असेल, तर ती हळूच निघून जाईल. पण आपल्या मोहल्ल्यातला ब्रेकर हा रात्री कोणीतरी उरलेल्या डांबराचा घातलेला ढिगारा असतो. तिथे गाडी तिरकी घालावी लागते, मागचे हॉर्न ऐकावे लागतात आणि तरी खालून ‘खर्र’ होतंच.

म्हणून मी स्वतः २००२ ची फियाट पॅलिओ १.६ बाळगून आहे. शंभर हॉर्सपॉवर, हायड्रॉलिक स्टीअरिंग, दार लावल्यावर जड आवाज. ती बाळगणं स्वस्त नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ पासून १०,०००. त्यात पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्याला धरून बनवलेले नसतात. ते वेळेवर बदलले नाहीत, तर आधी गाडीत पेट्रोलचा वास येतो आणि मग मिस्त्रीचं बिल. दर सर्व्हिसला मी मिस्त्रीशेजारी उभं राहून एकेक पाइप वाकवून बघतो. तडा दिसला की बदला. जुनी गाडी हौसेने ठेवणाऱ्यांना माझा एवढाच तांत्रिक सल्ला.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता जे बोलल्याशिवाय या विषयावर मला बोलताच येणार नाही, तिकडे येतो.

१९ मे २०२४. पुण्यातलं कल्याणीनगर, पहाटे अडीचच्या सुमाराला एका पोर्श टायकनने मोटरसायकलला धडक दिली. मोटरसायकलवर दोन तरुण इंजिनिअर होते, दोघंही मध्य प्रदेशचे, दोघंही गेले. त्यातली मुलगी आमच्या जबलपूरची होती. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं. गाडीची कायमची नोंदणी झालेली नव्हती, आणि ती अडली होती १,७५८ रुपयांच्या फीसाठी. मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. पुढे काय काय झालं ते तुम्ही वाचलं आहे. कोर्टाचं काम कोर्ट करेल.

त्या आठवड्यात या शहरात गाड्यांच्या शौकाबद्दल तोंड उघडणं कठीण होतं, आणि ते योग्यच होतं. आमच्या शौकीन मंडळींत तेव्हा एक वाक्य फिरत होतं: ‘गाडीचा काय दोष, चालवणाऱ्याचा दोष.’ ते वाक्य मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. दुसऱ्या बाजूला ‘असल्या गाड्यांवर बंदीच घाला’ म्हणणारे होते. त्यांचंही पटत नाही. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात मांडले गेले. ते सगळे काही पोर्शखाली आलेले नाहीत. साध्या मोटरसायकली, जीप, ट्रक, हॅचबॅक, सगळे त्यात आहेत.

पण ‘गाडीचा काय दोष’ यावर माझा आक्षेप असा. जोंगाला ऐंशीचा वेग गाठायला वेळ लागतो आणि तोवर ती एवढी ओरडते, की घाबरट माणूस आपोआप पाय काढतो. टायकन विजेवर चालते. वजन दोन टनांच्या वर आणि शून्यातून शंभरावर जायला चार-पाच सेकंद, तेही इंजिनाचा आवाज न करता. विजेच्या मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण असतो. अशी गाडी अडाणी पायाला काहीच सांगत नाही. तिला मी दोषी म्हणत नाही, पण ती कोणाच्याही हाती देण्यासारखी वस्तूही नाही. बंदूक निर्दोष असते म्हणून आपण ती शोकेसवर ठेवत नाही. इथे खमरियाच्या फॅक्टरीत दारूगोळा बनतो, त्यामुळे आमच्या गावाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि कायदा काय म्हणतो बघा. अठरा पूर्ण झाले, परवाना हातात आला, की तुम्ही आठशे सीसीची गाडीही चालवू शकता आणि सहाशे हॉर्सपॉवरचीही. परवाना तोच. पण मालवाहू टेम्पो किंवा प्रवासी वाहन धंद्यासाठी चालवायचं असेल, तर वय वीस हवं. म्हणजे बटाट्याची पोती वाहायला वीस, आणि सुपरकारला अठरा पुरे! इटलीत, म्हणजे खुद्द फेरारीच्या देशात, नव्याने परवाना मिळालेल्याला सुरुवातीची काही वर्षं ठरावीक ताकदीच्या वरची गाडी चालवता येत नाही. तिथे ताकदीचं वजनाशी प्रमाण मोजतात. आपल्याकडे हे व्हावं असं मी शौकीन म्हणून म्हणतो. माझी सगळ्यात ठाम मागणी हीच आहे. गाडी विकत घेऊ द्या, पण ती चालवायला वेगळी परीक्षा ठेवा.

अल्पवयीन मुलांबाबत कायदा २०१९ मध्ये कडक झाला. मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. हे कलम १९९ अ. मी आमच्या कॉलनीत कौतुकाने सांगितलेली वाक्यं ऐकतो, ‘आमचा बंटी नववीत आहे, पण गाडी काय चालवतो!’ चारचौघांत, चहा पिता पिता. मी तिथेच कलमाचा आकडा सांगतो. त्यामुळे मला चहाची बोलावणी कमी येतात.

आता वेगाचं गणित. हे मी कोणालाही कागदावर काढून दाखवतो, कारण तोंडी पटत नाही. साठच्या वेगाला सेकंदाला सतरा मीटर जातात. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर पडायला एक सेकंद धरा, म्हणजे सतरा मीटर तिथेच गेले. कोरडा रस्ता आणि चांगले टायर असतील, तर ब्रेक लागून थांबायला आणखी अठरा. एकूण पस्तीस. आता एकशेवीस घ्या. विचारात तेहेतीस, ब्रेकवर सत्तरच्या वर. एकूण शंभरच्या पुढे. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. समृद्धी महामार्गावर एकशेवीसची मर्यादा आहे. तिथे कुंपण आहे, वळणं सौम्य आहेत. आमच्याकडे मदन महालपासून दमोह नाक्यापर्यंत सुमारे सात किलोमीटरचा फ्लायओव्हर २०२५ मध्ये उघडला. मंडळी त्यावर सेल्फी काढत होती आणि माझ्या डोक्यात रात्री दोनचं चित्र होतं: मोकळा रस्ता, सरळ रेघ आणि पलीकडून घरी निघालेला एखादा स्कूटरवाला.

वेग हवा तर ट्रॅकवर जा. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा वेटेल जिंकला. जबलपूरहून यातलं काहीच जवळ नाही, हे कबूल. कार्टिंग करा मग. कार्टला सस्पेन्शन नसतं, बूड जमिनीला टेकल्यासारखं असतं, पन्नासचा वेग शंभरासारखा वाटतो आणि चुकलात तर टायरच्या भिंतीला लागता, माणसाला नाही.

रस्त्यावर चालवण्याचा आनंद मात्र वेगळा आहे आणि तो वेगाचा नाहीच. जबलपूरहून पहाटे निघा, बरगीवरून लखनादौन, सिवनी, मग कुरईचा घाट. तिथे पेंचच्या जंगलात हायवे खांबांवर उचलून घेतलाय, खालून जनावरांना जायला वाट ठेवलीय, बाजूला आवाज आणि उजेड अडवणाऱ्या भिंती. मूळ घाटाची मजा त्या भिंतींनी थोडी घालवली, आणि वाघासाठी मला ती घालवणं मान्य आहे. वळणं हवी असतील तर दिंडोरीवरून अमरकंटककडे जा. तिसरा गिअर, पन्नास-साठचा वेग, काच खाली. शंभर हॉर्सपॉवरही तिथे जास्त होतात.

जाता जाता एक प्रश्न, जो मला पालक हमखास विचारतात: मुलाला अठराव्या वाढदिवसाला कुठली गाडी घ्यावी? परवाना आधी, गाडी नंतर. मग एखादी सेकंडहँड छोटी पेट्रोल गाडी, सत्तर-ऐंशी हॉर्सपॉवर, हाताने गिअर बदलायची, एअरबॅग आणि एबीएस असलेली. गाडी बघायला जाल तेव्हा टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. २३१९ लिहिलं असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं. विकणारा पुढचे दोन नवे टाकून देतो. मागचे दोनही वाकून बघा.