'स्वामी'वाले आणि 'कोसला'वाले
(मंडळाच्या वाचन-कट्ट्यातर्फे केलेलं भाषण)



आवडती कादंबरी कोणती, असं विचारलं की आमच्या कट्ट्यावर हमखास दोन पक्ष पडतात. एक रणजित देसाईंच्या 'स्वामी'चा (१९६२), दुसरा भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'चा (१९६३). एकीत थेऊरच्या गणपतीपाशी २७ वर्षांच्या वयात देह ठेवणारे माधवराव पेशवे. दुसरीत पुण्याला कॉलेजात जाऊन शेवटी गावी परतणारा पांडुरंग सांगवीकर.

आम्हां इंदूरकरांना दोघंही जवळचे. १७६७ साली होळकरांच्या दौलतीचा कारभार अहिल्याबाईंकडे राहू दिला, तो याच माधवरावांनी. आणि पुण्याला शिकायला गेलेली आपली मुलं फोनवर "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणतात, तेव्हा पांडुरंग आठवतो.

यंदा आमच्या एका दिवंगत सभासदांची पुस्तकं रद्दीत निघाली. घरात मराठी वाचणारं कोणी उरलं नव्हतं. आम्ही ती उचलून आणली. त्यात ही दोन्ही पुस्तकं होती. जन्मभर 'स्वामी'च्या बाजूनं भांडलेल्या काकांनी पेन्सिलीच्या खुणा मात्र 'कोसला'त केल्या होत्या!

हिंदीमुळे देवनागरी आपल्या नातवंडांना येते. तुटली आहे ती मराठी वाचायची सवय. म्हणून विनंती, विसर्जनापर्यंत रोज आरतीनंतर आपल्या आवडत्या कादंबरीची दोन पानं घरात मोठ्यानं वाचा. कुठली वाचायची यावरून भांडण झालं, तर उत्तमच.

गणपती बाप्पा मोरया!